काल दिवा लागला होता का?

माझे मामू तांडेल होते. कौलं, लाकूडफाटा, कधी मिठाची पोती भरून त्यांचं गलबत कोकणातल्या खाड्यांमधून मुंबईला जाई. पावसाळ्यात गलबत वाळूवर ओढून ठेवलेलं असे आणि मामू घरी असत. मगरिबची नमाज झाली की ते ओट्यावर येऊन बसत. समोर खाडी, खाडीच्या तोंडाशी डोंगर आणि डोंगरावर दीपगृह. अंधार पडला की त्याचा झोत आमच्या माडांच्या शेंड्यांवरून फिरून जाई.

बी.ए. झालो त्या वर्षी मी दीपगृहावर एक कविता लिहिली. एकाकी दिवा, काळाकभिन्न समुद्र, वाट चुकलेली नाव असा सगळा सरंजाम तिच्यात होता. एका दिवाळी अंकात ती छापूनही आली. मी मोठ्या अभिमानानं ती मामूंना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “बाबू, तुझा दिवा किती सेकंदांनी फिरतो?” मला काही सांगता येईना. ते हसले. म्हणाले, “दिवा नुसता बघायचा नसतो रे, मोजायचा असतो. मोजला नाहीस तर तो कुठल्या गावचा दिवा, ते कसं कळणार?”

मंडळी, हल्ली ‘डेटा ॲनालिटिक्स’ हा शब्द ऊठसूट कानावर पडतो. नोंदी गोळा करायच्या, त्या एकमेकींशी ताडून बघायच्या, त्यातून काय बिघडलंय आणि पुढे काय बिघडणार आहे हे ओळखायचं, असा त्याचा साधा अर्थ. दीपगृहांच्या जगात हे काम संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्याचा इतिहास वाचताना मला मामूंचा तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

प्रत्येक दिव्याची लकब वेगळी ठेवायची, म्हणजे खलाशाला तो मोजून ओळखता येईल, ही कल्पना ज्यांनी हिरिरीनं मांडली त्यांत चार्ल्स बॅबेज हे मोठं नाव. हो, तेच बॅबेज, ज्यांना आपण संगणकाचे आजोबा म्हणतो. १८५१ साली लंडनमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्या दिवसांत बॅबेजनी आपल्या घराच्या वरच्या खिडकीत एक दिवा ठेवला. तो ठरावीक वेळा झाकला जाई, मग थांबे, मग पुन्हा झाकला जाई. या उघडझापीतून एक आकडा तयार होई. रस्त्यानं जाणारे ओळखीचे लोक तो आकडा मोजत आणि चिठ्ठीवर लिहून त्यांच्या दारातल्या पत्रपेटीत टाकून जात. गणकयंत्राची स्वप्नं पाहणारा माणूस दिव्याला आकडे बोलायला शिकवत होता. मामूंनी बॅबेजचं नाव कधी ऐकलं नव्हतं, पण दोघांचं म्हणणं एकच होतं.

मात्र नुसतं मोजलं म्हणजे झालं, असंही नाही. काय मोजायचं हे चुकलं तर सगळंच चुकतं. अमेरिकेत १८२० ते १८५२ अशी बत्तीस वर्षं दीपगृहांचा कारभार स्टीफन प्लेझंटन नावाच्या एका अधिकाऱ्याकडे होता. ते सरकारी तिजोरीच्या खात्यातले हिशेबतपासनीस. समुद्राचा अनुभव नाही, पण पै-पैचा हिशेब चोख. वर्षअखेरीला पैसे वाचवून तिजोरीत परत केले, याचा त्यांना अभिमान वाटे. फ्रान्समध्ये ऑगस्तँ फ्रेनेलनं काचेच्या लोलकांची कडी रचून केलेलं नवं भिंग १८२३ साली कोर्दुआनच्या दीपगृहात बसलं होतं. त्यानं त्याच ज्योतीचा उजेड कितीतरी दूर जाई. पण ते महाग, म्हणून अमेरिकेत नको. जुन्याच धुरकट दिव्यांवर काम चाललं. शेवटी जहाजवाल्यांच्या तक्रारी वाढल्या, चौकशी मंडळ नेमलं गेलं आणि १८५२ साली त्याचा सातशेहून अधिक पानांचा अहवाल आला. प्लेझंटन यांच्या वह्यांत तेलाचा खर्च होता, डागडुजीचा खर्च होता. समुद्रावरच्या माणसाला दिवा किती लांबून दिसतो, हा रकाना मात्र त्यांत नव्हता.

त्यानंतर नेमलेल्या नव्या मंडळात जोसेफ हेन्री हे पदार्थवैज्ञानिक होते. तोवर दीपगृहांत देवमाशाच्या डोक्यातलं तेल जाळत. देवमासे कमी झाले तसं ते तेल महागत गेलं. हेन्रींनी वेगवेगळी तेलं एकाच मापानं जाळून पाहिली. डुकराच्या चरबीचं स्वस्त तेल थंड असताना नीट जळत नसे, म्हणून ते बाद ठरलं होतं. पण तेच तेल तापवून दिलं तर महागड्या तेलापेक्षा सरस जळतं, असं त्यांना दिसलं. पैसे इथंही वाचले, पण आधी उजेड मोजून मग वाचले. माझ्या मते प्लेझंटन आणि हेन्री यांच्यातला सगळा फरक या ‘आधी’ आणि ‘मग’मध्ये आहे.

ब्रिटनमध्ये अशीच तपासणी करण्यासाठी १८५८ साली राजेसाहेबी आयोग नेमला गेला. त्याचे चिटणीस होते जॉन फ्रान्सिस कॅम्बेल. यांचं नाव मला कवी म्हणून ठाऊक होतं, म्हणजे लोककथांमुळे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी जमवून त्या प्रसिद्ध करणारे ते हेच. दीपगृहांच्या कामाच्या आणि लोककथांच्या पुस्तकाच्या तारखा जवळजवळ एकच आहेत. लोकांना विचारायचं कसं आणि ऐकायचं कसं, हे कळणारा माणूस चिटणीस असणं ही मोठीच गोष्ट होती. आयोगानं खलाशांना आणि दीपगृहाच्या राखणदारांना छापील प्रश्न पाठवले. कुठला दिवा नीट दिसतो? कुठला अपुरा पडतो? उत्तरं आली, ती ताडून बघितली गेली, आणि मंडळी प्रत्यक्ष दीपगृहं पाहायला निघाली.

तिथं जे आढळलं ते चक्रावून टाकणारं होतं. दिवे उत्तम होते, भिंगं किमती होती, पितळ घासूनपुसून लखलखीत होतं. पण कित्येक ठिकाणी भिंगाची बसणीच चुकलेली. बराचसा उजेड समुद्रावर पडायचा तो वर आभाळात जात होता. हे ओळखण्याची युक्ती फार सोपी होती. ज्योतीच्या जागी आपला डोळा न्यायचा आणि भिंगातून बाहेर पाहायचं. तुम्हाला क्षितिज दिसलं, तर दिव्याचा उजेडही तिकडेच जाणार. तुम्हाला ढग दिसले, तर उजेडही ढगांतच जाणार. १८६१ साली आयोगाचा अहवाल आला. राजज्योतिषी जॉर्ज एअरी आणि बर्मिंगहॅमचे भिंगनिर्माते जेम्स चान्स यांनी या कामात लक्ष घातलं आणि भिंगं नव्यानं बसवायला सुरुवात झाली. वर्षानुवर्षं राखणदार इमानेइतबारे तेल घालत होते, वात कापत होते, वहीत ‘दिवा लागला’ म्हणून लिहीत होते. ते खोटं नव्हतं. दिवा लागलाच होता. पण ज्याच्यासाठी लावला त्याला तो दिसतो का, हे कुणी विचारलं नव्हतं.

दिव्याइतकीच काळजी मनोऱ्याची. भर समुद्रात खडकावर बांधलेलं दीपगृह लाटांचा मार किती सोसतं? याचं उत्तर अंदाजानं न देता मापून द्यावं, असं थॉमस स्टीव्हन्सन यांना वाटलं. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे हे वडील. त्यांनी एक साधं यंत्र केलं. लोखंडी चकती, तिच्यामागे स्प्रिंग, आणि चकती किती आत दाबली गेली ते दाखवणारी खूण. लाट येऊन आदळायची आणि जाताना स्वतःच आपला जोर लिहून ठेवायची. स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्केरीव्होरच्या खडकाजवळ १८४३ आणि १८४४ साली या नोंदी घेतल्या. उन्हाळ्यातल्या महिन्यांची सरासरी निघाली चौरस फुटाला ६११ पौंड, हिवाळ्यातली २०८६ पौंड. आणि २९ मार्च १८४५ च्या वादळात एका लाटेनं ६०८३ पौंड लिहिले. म्हणजे एका चौरस फुटावर पावणेतीन हजार किलोंचा धक्का! मला ही नोंद एखाद्या उत्तम ओळीसारखी वाटते. ‘प्रचंड लाटा’ असं मी शंभर वेळा लिहिलं असेल. त्या आकड्यापुढे माझं विशेषण फिकं पडतं.

आता एका अशा दीपगृहाची हकिगत सांगतो, की जिथं नोंद आणि कल्पना समोरासमोर उभ्या राहिल्या. स्कॉटलंडच्या वायव्येला फ्लॅनन बेटं आहेत. तिथलं दीपगृह डिसेंबर १८९९ मध्ये सुरू झालं. वर्षभरानं, १९०० च्या डिसेंबरात, तिथले तिन्ही राखणदार नाहीसे झाले. २६ डिसेंबरला रसद घेऊन बोट पोचली, तेव्हा बेटावर कुणीही नव्हतं.

या घटनेवर विल्फ्रिड गिब्सन या कवीनं १९१२ साली एक दीर्घ कविता लिहिली. ती इतकी गाजली, की पुढे लोक तिलाच इतिहास समजू लागले. तिच्यात टेबलावर न खाल्लेलं जेवण आहे, उलटी पडलेली खुर्ची आहे. प्रत्यक्षात बेटावर प्रथम उतरलेल्या मदतनीस राखणदारानं लिहून ठेवलंय, की स्वयंपाकघर नीटनेटकं होतं, भांडी घासून ठेवलेली होती. पुढे कुणी तर नोंदवहीतली बनावट पानंही छापली. त्यांत राखणदार रडत होते, प्रार्थना करत होते. खऱ्या वहीत असलं काही नव्हतं. १३ डिसेंबरपर्यंतच्या नोंदी वहीत होत्या. १४ तारखेच्या आणि १५ तारखेच्या सकाळी ९ वाजताच्या नोंदी पाटीवर खडूनं लिहिलेल्या होत्या, वहीत उतरवायच्या राहिलेल्या. वायुभारमापकाचा आकडा, तापमापकाचा आकडा, वारा, दिवा विझवल्याची वेळ. बस्स.

पण या कोरड्या आकड्यांनीच खरं काय ते सांगितलं. १५ तारखेच्या सकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं. दिवा वेळेवर विझवला होता, साफ करून, तेल भरून संध्याकाळसाठी तयार ठेवला होता. म्हणजे जे झालं ते त्या सकाळनंतर आणि अंधार पडण्याआधी. तपासणीला गेलेले अधीक्षक रॉबर्ट म्यूरहेड यांनी पश्चिमेच्या धक्क्यावर मोजमापं घेतली. समुद्रापासून ११० फूट उंचीवर कपारीत ठेवलेली दोरखंडांची पेटी वाहून गेली होती. लोखंडी कठडे वाकले होते. दोनशे फुटांहून वर, कड्याच्या माथ्यावरचं गवत मुळासकट उखडलं होतं. दोरखंड सांभाळायला गेलेल्या माणसांना अवचित आलेल्या मोठ्या लाटेनं ओढून नेलं असावं, असं त्यांनी लिहिलं. एकाचा तेलकापडी कोट खोलीतच टांगलेला होता. तो तसाच, सदऱ्यावर धावला असणार.

मी कवी आहे, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, मलाही ती उलटी खुर्ची आवडली असती. पण टांगलेला कोट मला झोपू देत नाही. तो खरा आहे.

याच हकिगतीत आणखी एक गोष्ट आहे आणि आजच्या विषयाच्या दृष्टीनं तीच सगळ्यात महत्त्वाची. १५ डिसेंबरच्या रात्री ‘आर्क्टर’ नावाची आगबोट त्या बेटांजवळून गेली. तिच्यावरच्या लोकांना दिसलं, की फ्लॅननचा दिवा लागलेला नाही. म्हणजे माहिती होती. १८ तारखेला ती बोट लीथ बंदरात पोचलीही. वाटेत ती स्वतःच खडकावर आपटली होती. दिव्याची बातमी दीपगृह मंडळापर्यंत वेळेवर गेलीच नाही. नेमाची रसदबोट २० तारखेला जायची, ती खराब हवेमुळे २६ ला पोचली. त्या माणसांना कुणी वाचवू शकलं असतं, असं मी म्हणत नाही. पण भर हिवाळ्यात, त्या भागातला दिवा अकरा रात्री बंद होता आणि ज्यांचा तो दिवा त्यांना पत्ता नव्हता.

आपल्याकडच्या वाचकांना यावरून ‘रामदास’ आठवल्याशिवाय राहणार नाही. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईला खबर लागली ती जीव वाचवून किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून, कित्येक तासांनी. समुद्रावर काय घडलं यापेक्षा ते कधी कळलं, यावर माणसांचे प्राण ठरतात.

विसाव्या शतकात दीपगृहांतली माणसं हळूहळू उतरवली गेली. फ्लॅननचं दीपगृह १९७१ साली स्वयंचलित झालं. १९९८ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड या दोन्हीकडचे शेवटचे राखणदार दिवा सोडून गेले. आता वही कोण लिहिणार? दिवाच लिहितो. सौर पट्टीतून किती वीज आली, विजेरीचा दाब किती, दिव्यातून प्रवाह वाहतो आहे का, हे सारं रेडिओनं, दूरध्वनीनं किंवा उपग्रहामार्फत शेकडो मैलांवरच्या नियंत्रण कक्षात जातं. इंग्लंडचं हार्विचला, स्कॉटलंडचं एडिंबराला.

यातलं विश्लेषण म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणानं सांगतो. रात्रभर दिवा जळला, की पहाटे विजेरीचा दाब थोडा उतरलेला असतो. रोज पहाटेचा आकडा लिहून ठेवला आणि तो महिनाभर हळूहळू खाली सरकताना दिसला, तर विजेरी म्हातारी होते आहे. दिवा अजून एकदाही विझलेला नाही, पण विझणार आहे हे कळलं. समजा, सौर पट्टीतून येणारी वीज कमी झाली. शेजारच्या दिव्यांचीही कमी झाली असेल, तर आभाळ भरलेलं आहे, काळजी नको. एकट्या याचीच कमी झाली असेल, तर पट्टीवर मीठ साचलंय किंवा पक्ष्यांनी घाण केलीय, माणूस पाठवा. खवळलेल्या समुद्रात बोट हाकण्याआधी, कुठं जायचं आणि बरोबर काय न्यायचं हे ठाऊक असणं म्हणजे त्या बोटीवरच्या माणसांचाही जीव वाचवणं आहे.

दीपगृहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं यासाठी एक कसोटी घालून दिलीय. सर्वांत महत्त्वाच्या दिव्यांनी तीन वर्षांच्या हिशेबात ९९.८ टक्के वेळ चालू असलं पाहिजे. म्हणजे तीन वर्षांत मिळून दिवा बंद राहण्याची मुभा किती? जेमतेम साडेबावन्न तास. फ्लॅननच्या त्या अकरा लांबलचक हिवाळी रात्री या कसोटीपुढे ठेवून पाहा.

थॉमस स्टीव्हन्सन यांच्या चकतीचंही पुढचं रूप आलं आहे. गेल्या दशकात प्लिमथ, एक्झिटर आणि लंडन इथल्या विद्यापीठांतल्या अभियंत्यांनी खडकावरच्या जुन्या दीपगृहांत कंपनमापकं बसवली. त्यांपैकी वुल्फ रॉकचा दिवा १८७० सालचा. हिवाळी लाट आदळली की तो दगडी मनोरा किती आणि कसा डोलतो, याची नोंद होऊ लागली. तंत्र बदललं, प्रश्न तोच आहे. बाबा, तू अजून किती सोसशील?

आपल्या किनाऱ्यावर १८६७ पासून खांदेरीचा दिवा मुंबईची वाट दाखवतो आहे. देशातल्या दीपगृहांचा १९२७ चा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला. त्याआधीच, २०१२ च्या सुमारास, किनाऱ्यावरच्या ७४ दीपगृहांवर जहाजांची ओळख, जागा आणि वेग आपोआप टिपणारी यंत्रणा बसली. आजवर जहाज दीपगृहाकडे पाहत होतं, आता दीपगृहही जहाजाकडे पाहतं. कुठल्या वाटेनं किती जहाजं जातात, कुठं गर्दी होते, कुठला दिवा कुणाच्या उपयोगाचा आहे, याचा हिशेब त्यातून मांडता येतो. पण मोठ्या जहाजांना हे संदेशयंत्र सक्तीचं असतं. मामूंच्या गलबतासारख्या लहान होड्यांवर ते असेलच असं नाही. नुसत्या या नोंदी पाहून ‘इथून कुणी जात नाही, दिवा कशाला हवा’ असं कुणी ठरवलं, तर ती प्लेझंटनसाहेबांचीच चूक पुन्हा होईल. म्हणून यंत्राच्या नोंदीशेजारी खलाशाला विचारलेला प्रश्नही असला पाहिजे. लोककथा जमवणाऱ्या त्या चिटणिसाला हे कळलं होतं.

मामूंच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तरी मगरिबनंतर ते ओट्यावर येऊन बसत आणि आत कामात असलेल्या कुणालाही हाक मारून विचारत, “दिवा लागला का?” आम्ही वर न बघताच म्हणायचो, “लागला, लागला.” एकदा ते चिडले. म्हणाले, “बाहेर ये आणि मोजून सांग.” मी बाहेर आलो. झोत आला, मी मोठ्यानं आकडे म्हणू लागलो. पुढचा झोत येईपर्यंत त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. आकडा जुळला. ते “बराय” म्हणाले आणि काठी शोधत आत गेले.

ती कविता मी पुढे कुठल्याच संग्रहात घेतली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)